मार्चची लेबलं

१६ जून, सोमवार

शाळा उघडली. नव्या मुलांना गुलाबाची फुलं वाटली. पाठ्यपुस्तकं आली, सहावीची कमी आली. परिपाठात मुख्याध्यापकांनी पंकजाला श्रद्धांजली वाहिली. दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचं होतं. मध्येच पोषण आहाराच्या सिलिंडरचा टेम्पो गेटवर येऊन हॉर्न वाजवायला लागला. स्तब्धता तिथेच संपली. मुलं वर्गात गेली.

मग मुख्याध्यापकांनी ऑफिसात बोलावलं. दहावीचं विज्ञान भाग दोन माझ्याकडे – पंकजाचा विषय. मी गणिताचा शिक्षक. तसं म्हणालो.

"तुमच्या घरातच होतं की सर सगळं. कानावर पडलंच असेल."

सतरा वर्षं आम्ही नवरा-बायको एकाच शाळेत शिकवत होतो. कानावर पडलं म्हणे. तिला जाऊन अजून तीन आठवडे झाले नाहीत आणि वेळापत्रकात तिचं नाव खोडून माझं घालूनही झालं. मी बरं म्हणालो. मी नेहमी बरंच म्हणतो.

घरी येऊन पातेल्यात डाळ टाकली. कुकर नाही. तो तिने शाळेत नेला, प्रयोगाच्या बाटल्या निर्जंतुक करायला. त्यावरून मी तिच्याशी किती कुरकुर केली. आता कुकर आणायला हरकत नाही. आणवत नाही.

१८ जून, बुधवार

प्रयोगशाळेत गेलो. प्रयोगशाळा म्हणजे मागची पत्र्याची खोली. टेबल, सूक्ष्मदर्शक, भिंतीवर माणसाच्या पचनसंस्थेचा फाटका तक्ता. कोपऱ्यात तिचं कपाट. आत ट्यूबलाइट बसवून घेतली होती तिने, आणि काचांना खाकी कागद चिकटवला होता. त्यात तिच्या जॅमच्या बाटल्या. बाटलीत तळाला पांढरट जेली, जेलीत शेवंतीचा इवलासा शेंडा. ऊती संवर्धन. पाथर्डी तालुक्यात शाळेत असलं कोणी केलं नव्हतं. पंचायत समितीचे लोक येऊन फोटो काढून गेले होते. दिलं काहीच नाही.

ती शेवंती तिच्या माहेरची, राहात्याची. बारीक पिवळी, वासाला कडक. सासूबाईंच्या अंगणात होती. अंगणात फरशी आली, शेवंती गेली. त्याआधी पंकजाने फांद्या आणून बाटलीत जगवल्या. गेल्या वर्षी त्यातून रोपंही झाली, ती तिने नववीच्या मुलांना घरी लावायला वाटून टाकली. बाटल्या तेवढ्या ठेवल्या.

कपाटाला कुलूप. काकासाहेबला चावी मागितली. काकासाहेब आमचा शिपाई, शाळा झाली तेव्हापासूनचा.

"घावना सर. उंदरानं नेली का काय."

"मग कुलूप फोड."

"नका सर. आतलं बिघडंल. मॅडम म्हनायच्या, हिसका बसू देऊ नका. मी बघतो की. लाईट चालू हाय आत."

लाईट चालू होती खरी. कागदाच्या फटीतून दिसत होती. बरं म्हणालो.

२९ जून, रविवार

महिना झाला. सासूबाईंचा राहात्याहून फोन. छबूबाई नाव, पंच्याहत्तरी ओलांडली, अजून खणखणीत बोलतात. रडल्या नाहीत. म्हणाल्या, "दहाव्याला कावळा लगीच शिवला ना. माझी पोर सुटली. इच्छा ऱ्हाईली न्हवती तिची."

घाटावर सगळे हेच म्हणत होते. पिंड ठेवला आणि कावळा उतरलाच. काहींना बोलावं लागतं, अमुक करू, तमुक सांभाळू, तेव्हा कुठे शिवतो. इथे कोणाला काही कबूल करावं लागलं नाही. सगळ्यांना बरं वाटलं. जेवायला लवकर बसता आलं.

इच्छा राहिली नव्हती म्हणे. दवाखान्यात रोज एकच विचारायची – बाटल्या बऱ्या आहेत का. काकासाहेब नगरला भेटायला आला होता तेव्हा त्यालाही तेच. तो म्हणाला, "मजेत हायेत मॅडम, तुमीच लवकर या." तेव्हा हसली होती. शेवटचं.

११ जुलै

चावी नाही. काकासाहेब म्हणतो, शोधतोय. एका चावीला महिना. या शाळेत सगळं असंच.

१९ जुलै

सहकारी विचारतात, "सर, जेवण कोण करतं?" कोणी विचारत नाही की दहावीला विज्ञान कसं शिकवता. रोज संध्याकाळी तिचंच पुस्तक वाचतो आणि सकाळी फळ्यावर उतरवतो. मुलं मुकाट्याने लिहून घेतात. मला गणितात शंका विचारतात, इथे विचारत नाहीत. दया करतात बहुतेक. दहावीच्या मुलांनी माझी दया करावी.

१ ऑगस्ट, शुक्रवार

चावी सापडली. काकासाहेबने आपण होऊन आणून दिली. कुठे सापडली विचारलं तर म्हणाला, "घावली एकदाची."

उघडलं. दोन ओळी बाटल्या, सगळ्या हिरव्या. चार-पाच पानं प्रत्येकीत, खाली पांढरी मुळं. प्रत्येक बाटलीवर तिच्या अक्षरातलं लेबल – शेवंती, राहाता, ३ मार्च. खाली पं.

स्टूलवर बसलो. दारात दहावीची दोघं उभी होती, मोनिका आणि पार्थ. पंकजाच्या विज्ञान मंडळातली ही पुढची. कोणीतरी त्यांना सांगितलं असावं.

"चांगली हायेत ना सर?" मोनिका म्हणाली.

मी मान हलवली. ती गेली आणि ही जगली. खोलीत घर्र आवाज करणाऱ्या ट्यूबखाली, कोणी न बघता. तिच्या हातचं एवढंच उरलं आहे जगात, जे अजून वाढतं आहे. आम्हाला मूलबाळ नाही. मी हे कोणाला बोललो नाही. इथे लिहितो.

१२ ऑगस्ट, मंगळवार

जैवतंत्रज्ञानाचा धडा सुरू केला. मूलपेशी झाल्या, मग ऊती संवर्धन, मग क्लोनिंग. पुस्तकात जे आहे ते वाचलं.

पार्थ बागायतदाराचा मुलगा, तोंडाचा सैल. हात वर न करता म्हणाला, "सर, मग मानसाचंबी शेंड्यावरनं परत मानूस करता येतंय का?"

सगळे माझ्याकडे न बघता माझ्याकडे बघत होते. मोनिकाने त्याला वहीनेच हाणलं.

"नाही," मी म्हणालो. "पुढचा परिच्छेद वाच."

त्याने वाचला. कान लाल झाले होते त्याचे. वाईट हेतू नव्हता. मला मात्र त्याला वर्गाबाहेर काढावंसं वाटलं. तिने काय केलं असतं माहीत आहे. ती हसली असती. म्हणाली असती, "पार्थ, एक तूच पुरे आहेस, दुसरा कशाला?"

तास संपताना मोनिका उभी राहिली. "सर, बाटलीतलं रोप नवीन धरायचं का जुनंच?"

"जुनंच. मूळ झाडाचाच भाग तो. हुबेहूब."

"दुसऱ्यानं केलं तरी? पहिलं मेलं आन् त्याच्याच फांदीवरनं परत केलं, तरी?"

"तरी जुनंच. पुस्तकात दिलं आहे."

"मग ठीक हाय," म्हणाली आणि बसली. परीक्षेत येईल म्हणून विचारलं असेल.

२३ ऑगस्ट, शनिवार

मोनिका म्हणाली, जेली महिना-दीड महिनाच पुरते, आता शेंडे कापून नव्या बाटल्यांत लावायला हवेत, नाहीतर जेली संपली की उपाशी मरतील. शाळा सुटल्यावर थांबलो. आमचा घरचा कुकर गॅसवर, त्यात बाटल्या. काचेची पेटी स्पिरिटने पुसली. दिवा लावला. ही दोघं कोपरापर्यंत हात धुऊन, तोंडाला रुमाल बांधून बसली. चिमटा दिव्यावर धरायचा, झाकण जरासंच उघडायचं, शेंडा आत, झाकण बंद.

"बुरशीला आमंत्रण लागत न्हाई," पार्थ म्हणाला. पंकजाचं वाक्य. तिच्याच सुरात. मग गडबडला.

एक मी केली.

"सर, श्वास रोखा," मोनिका म्हणाली. "तुमच्या श्वासातबी जंतू असत्यात." रोखला. शेंडा तिरका बसला, पण बसला.

नवी लेबलं करायला ती कागद कापत होती. मी म्हणालो, नको, जुनीच काढून लावा. पंकजाच्या अक्षरातली. दोघं एकमेकांकडे बघायला लागली. लेबलं सहज सुटली, डिंकाने चिकटवली होती. मी हलक्या हाताने नव्या बाटल्यांवर लावली.

परत येताना मोनिका फाट्यापर्यंत माझ्याबरोबर. तिचे आईबाप ऊसतोडीला जातात. दरवर्षी दसऱ्यानंतर तीही जायची, शिमग्यानंतर परत. मधली शाळा बुडायची. यंदा नाही जाणार. पंकजाने जानेवारीत तिच्या बापाला ऑफिसात बसवून कबूल करून घेतलं – दहावीला पोरगी आजीजवळ राहील, कोयत्याला नाही. मला हे माहीत नव्हतं. मोनिकानेच सांगितलं. "बाप म्हनला, मॅडमनी शबूद घेतला, आता काय."

३० ऑगस्ट

सासूबाईंना फोन करून सांगितलं, शेवंती चांगली आहे. म्हणाल्या, "फुलली की एक माझ्याकडं धाडा. देवाला वाहीन."

१६ सप्टेंबर

पाऊस फार. ओढ्यावरून पाणी. शाळा नाही. दिवसभर घरात. काही केलं नाही.

२५ सप्टेंबर

घटस्थापना होऊन गेली. शेजारी आरत्या. आमच्याकडे वर्ष होईपर्यंत सण नाही. दारात रांगोळी नाही. शेजारच्या वहिनी फराळाचं द्यायला आल्या आणि उंबऱ्याबाहेरच थांबल्या. चूक त्यांची नाही. रीत आहे. पण बशी हातात घेताना वाटलं, मेलेलं माणूस मी आहे.

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. उद्या दसऱ्याची सुट्टी, म्हणून शाळेत आजच हत्यारांची पूजा. शेतकरी औतं पुजतो, आम्ही सूक्ष्मदर्शक, संगणक, शिपायाची घंटा. दरवर्षी प्रयोगशाळेची पूजा पंकजा मांडायची. यंदा मोनिकाने मांडली. मला मुख्याध्यापक म्हणाले, "तुमचं वर्ष आहे सर, तुम्ही बाहेर थांबलात तर बरं." थांबलो. नववीच्या वर्गात बसून पेपर तपासले. संस्थेचे सचिव आले होते. उदबत्तीचा वास वर्गापर्यंत येत होता. नारळ फुटल्याचं ऐकू आलं. टाळ्या वाजल्या. फोटो शाळेच्या ग्रुपवर लगेच आले.

मी फोटो मोठे करून बघितले नाहीत.

४ ऑक्टोबर, शनिवार

कपाट उघडलं. बाटल्यांच्या अंगाला हळदीकुंकवाची बोटं. ठीक. पण आत जेलीवर लाल ठिपके, तांदळाचे दाणे. काहींत झेंडूची पाकळी. त्याभोवती पांढरा कापूस धरायला लागला आहे.

झाकणं उघडली कोणी?

६ ऑक्टोबर, सोमवार

सगळ्यांत बुरशी. पांढरी, काही ठिकाणी काळी. शेंडे अजून हिरवे दिसतात, पण खालून गेले. एकही वाचली नाही. दोन वेळा मोजली.

काकासाहेबने सांगितलं. सचिवांनी ताटातल्या अक्षता उचलल्या, बाटल्यांकडे बघितलं आणि म्हणाले, "बंद झाकणाच्या देवाला कुंकू पोचंल कसं? उघड की पोरी." आणि स्वतःच एकेक झाकण फिरवून आत हळद, कुंकू, अक्षता. भक्तिभावाने. प्रत्येक बाटलीला हात जोडले. फोटोग्राफरने सांगितलं म्हणून दोन बाटल्यांना पुन्हा जोडले.

शेवंतीला कोणी मारायला आलं नव्हतं. पूजा करायला आले होते.

७ ऑक्टोबर, मंगळवार

सचिवांना काय बोलणार? ते बोलायच्या जागेवर नाहीत, मी आहे. मुख्याध्यापकांकडे गेलो. म्हणाले, "अहो श्रद्धेने केलं. तुम्ही परत करा ना बाटल्या, त्यात काय." बरं म्हणालो.

मग दहावीच्या वर्गात गेलो. वीस मिनिटं शिकवलं. मग पुस्तक मिटलं आणि विचारलं, पूजा कोणी मांडली होती.

मोनिका उभी राहिली.

"तुला माहीत होतं झाकण उघडायचं नसतं?"

"व्हय सर."

"मग बघत उभी राहिलीस?"

"सर, ते सचिव साहेब–"

"मॅडमनी दोन वर्षं तुला काय शिकवलं? ताट धरायला?"

मला थांबता आलं असतं. थांबलो नाही.

"मॅडम दोनदा गेल्या. पहिल्यांदा नगरला, तेव्हा डॉक्टर तरी धडपडत होते. दुसऱ्यांदा तुझ्यासमोर गेल्या, आणि तू ताट धरून उभी होतीस. त्यांच्या हातचं शेवटचं होतं ते."

पार्थ उठला, "सर, तसं न्हाई सर, ऐका तरी–" मोनिकाने त्याची बाही ओढून त्याला खाली बसवलं. ती स्वतः तास संपेपर्यंत उभीच होती. मी बस म्हणालो नाही. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. मला ते निगरगट्टपणाचं वाटलं.

८ ऑक्टोबर

मोनिका गैरहजर.

१० ऑक्टोबर

गैरहजर. दसरा झाला, टोळ्या निघायला लागल्या. रस्त्यावर ट्रकमध्ये बायका, पोरं, भांडी, शेळ्या. वर्गातली आणखी तीन बाकं रिकामी झाली. दरवर्षीचंच. हजेरीत गै. गै. गै. लिहायचं आणि पुढे जायचं.

१३ ऑक्टोबर, सोमवार

दिवाळीच्या सुट्टीआधी खोली झाडायची म्हणून काकासाहेब विचारायला आला, त्या बाटल्या फेकू का. वास मारतात. मी म्हणालो, राहू दे.

तो गेला नाही. झाडू हातात घेऊन दारात उभा.

"सर, पोरीला लई बोललात तुमी."

"तुझं काम कर, काकासाहेब."

"करतोच हाय. पर बोललात."

"मॅडमच्या हातचं शेवटचं होतं. तुला कळतं का?"

"न्हवतं," तो म्हणाला.

काय नव्हतं, विचारलं. झाडू भिंतीला टेकवला त्याने आणि खाली बसला. मग सांगितलं. जसं सांगितलं तसं लिहितो.

"मे महिन्यात डीपी जळाला. गावात लाईटच न्हाई. ह्या पत्र्यात काय ऊन सर, हात लावू देईना. उघडून बघितलं तर सगळ्या करपल्याल्या. काड्या नुसत्या. मॅडम तवा दवाखान्यात. मी नगरला भेटाया आलो तर त्या पहिलं तेच इचारत्यात. काय सांगू? म्हनलं, मजेत हायेत. परत येऊन पार्थला आन् मोनिकाला सांगितलं. पोरगी म्हनली, मामा, टाका त्या उकिरड्यावर, पर लेबलं मला काढून द्या. मॅडमनी गेल्या साली रोपं दिल्ती न्हाई का पोरांना घरी लावाया? त्यातली हिची आन् पार्थची तेवढी जगली हुती. त्याच्या फांद्या आनल्या. सुट्टीत, रोज येऊन, तुमच्याच कुकरात. पहिल्या दोन खेपा नासल्या. मॅडम यायच्या आत करायच्या हुत्या. मग मॅडम आल्याच न्हाईत."

मी कपाटाकडे बघितलं.

"तवा पोरगी म्हनली, आता सरांसाठी करू. सरांना कळू द्यायचं न्हाई. पानं फुटस्तवर चावी देऊ नका. म्हनून चावी घावत न्हवती सर. माझ्या कंबरंलाच हुती."

झाडू घेऊन तो बाहेर गेला. अंगण झाडल्याचा आवाज बराच वेळ येत होता.

लेबलावर ३ मार्च. कपाट उघडलं ऑगस्टमध्ये. जेली महिना-दीड महिना पुरते, हे मी स्वतः त्या पोरीच्या तोंडून ऐकलं होतं. गणिताचा शिक्षक मी. एवढी वजाबाकी केली नाही.

जे नासलं ते मोनिकाचंच होतं. आणि ती उभी राहून ऐकत होती.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

शाळा सुटल्यावर वस्तीवर गेलो. चिखल वाळला आहे. मोनिकाच्या घराला कुलूप नव्हतं. तिची आजी, दगडाबाई, उंबऱ्यात शेंगा फोडत बसली होती. मला ओळखलं नाही. सांगितलं, शाळेतला मास्तर.

"मॅडमचे मालक व्हय? बसा. च्या ठेवते."

नको म्हणालो. मोनिका कुठे आहे विचारलं.

"गेली की. परवा निघाली टोळी. करनाटकात, बेळगावच्याबी फुडं कुटं कारखाना हाय म्हनं."

"ती यंदा राहणार होती ना? तुमच्याजवळ?"

"ऱ्हानार हुती. तिचं धान्यबी काढून ठिवलं हुतं बापानं. एक दिस शाळंतनं आली ती बोललीच न्हाई. सांच्याला म्हनली, मी येते कोयत्याला. आई म्हनली, अगं दहावी. बाप म्हनला, मॅडमला शबूद दिल्ता मी. तर म्हनली, मॅडम न्हाई आता. मला तितं जाऊन उभं ऱ्हावनार न्हाई."

शेंगा फोडतच होती. मला दोष देत नव्हती. तिला माहीतच नव्हतं कोणाला द्यायचा.

"काय झालं हुतं वो शाळंत? मारलं का कुनी?"

"नाही," मी म्हणालो. "मारलं नाही."

उठलो तेव्हा म्हणाली, "थांबा. पोरगी सांगून गेली हुती, सर आलं तर ही द्या. मी म्हनलं, कशाला येतील ते हितवर." आत जाऊन कुंडी घेऊन आली. तेलाचा डबा कापून केलेली. बारीक पिवळी शेवंती, कळ्यांनी लगडलेली, दोन उमललेल्या. वास तोच.

"म्हनली, आज्जीला पान्याचं ध्यान ऱ्हात न्हाई, सरांकडं जगंल."

टोळीच्या मुकादमाचा नंबर घेतला. कुंडी कडेवर घेऊन वस्तीवरून आलो. वाटेत लोकांनी बघितलं.

१५ ऑक्टोबर, बुधवार

मुकादमाला फोन लागला. त्याने मोनिकाच्या बापाला दिला. बाप म्हणाला, "आता मोळ्या बांधायला तिचाच हात हाय सर. दोन मानसांची जोडी पुरत न्हाई." मागे इंजिनाचा आवाज. मग म्हणाला, "पर तुमी आलात तर बघू. मॅडमनी शबूद घेतल्ता." मोनिकाला द्या म्हणालो. ती फोनवर आली नाही. बाप म्हणाला, "इथंच हाय उभी. बोलत न्हाई."

मी म्हणालो, तिला एवढंच सांगा, चूक माझी होती आणि बाटल्या तिच्या होत्या. त्याला अर्थ कळला नाही, पण त्याने मोठ्याने तसंच्या तसं सांगितलं. फोन बंद झाला.

मुख्याध्यापकांना सांगितलं, सुट्टीत बाहेरगावी जातो आहे, एका विद्यार्थिनीला आणायला. म्हणाले, "अहो, ऐन दिवाळीत?"

मला यंदा दिवाळी नाही, म्हणालो. पहिल्यांदाच त्या रीतीचा काही उपयोग झाला. आणखी काही तरी म्हणत होते ते. मी बरं म्हणालो नाही.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

बाटल्या आणि कुकर घरी आणले. पहाटेची एसटी आहे. बाटल्या गरम पाण्यात टाकल्या, बुरशी काढली, आतून ब्रश फिरवला. लेबलं पाण्यात सुटली. सुटू दिली. मग कुंडीला पाणी घातलं.